कशाभिका म्हणजे काय? बॅक्टेरियाची मोटर, बीजाणूचा चाबूक आणि वरुडची संत्र्याची बाग

संस्कृतमध्ये 'कशा' म्हणजे चाबूक. त्यावरून 'कशाभिका', म्हणजे बारीकसा चाबूक. इंग्रजी नाव फ्लॅजेलम, आणि लॅटिनमध्ये त्याचाही अर्थ चाबूकच. शाळेत युग्लीनाची आकृती काढताना तोंडाशी एक वळवळती रेघ ओढायची, बाणाच्या टोकाशी 'कशाभिका' लिहायचं, की मार्क मिळाला. बहुतेकांची ओळख तिथेच संपते.

माझीही तिथेच संपली असती, पण आमचं गाव वरुड तालुक्यातलं. घरी संत्र्याची बाग आहे, आणि आमच्या भागात पावसाळा संपता संपता झाडं का वाळतात याच्या उत्तरात हे शेपूट येतं. म्हणून हा लेख थोडा बायोलॉजीचा, थोडा मशीनचा आणि बराचसा बागेचा आहे. शेवटी फोनचा कॅमेरा वापरून हे कसं बघायचं तेही सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. 'कशाभिका' हे नाव एक असलं तरी त्यामागची यंत्रं वेगवेगळी आहेत. बॅक्टेरियाची कशाभिका गोल फिरते. युग्लीनाची, किंवा संत्र्याची मुळं सडवणाऱ्या बीजाणूची, चाबकासारखी वाकते. दोघींची रचना वेगळी, इंधन वेगळं, घराणंही वेगळं. नाव मात्र जुन्या शास्त्रज्ञांनी नुसतं बाहेरून बघून एकच दिलं.

एवढ्या छोट्या जिवाला पाणी कसं लागतं?

ई. कोलाय हा बॅक्टेरिया साधारण 2 मायक्रॉन लांब असतो. 1 मिलिमीटरमध्ये असे पाचशे एकामागे एक मावतील. या मापाला पाणी हे पाणी राहत नाही, काकवी होतं.

तुम्ही विहिरीत पोहताना हात मारणं थांबवलं तरी अंग थोडं पुढे सरकत राहतं. बॅक्टेरियाचं तसं नाही. शेपूट थांबलं की तो तिथल्या तिथे थांबतो, एका अणूच्या रुंदीइतकासुद्धा पुढे जात नाही. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने 1977 साली हा हिशोब मांडला. त्याचा दुसरा मुद्दा आणखी भारी आहे. इतक्या चिकट दुनियेत एखादं वल्हं नुसतं पुढे-मागे, पुढे-मागे हलवलं तर जितके पुढे जाल तितकेच मागे याल. हिशोब शून्य. म्हणजे पुढे सरकायचं तर दोनच सोपे मार्ग उरतात: स्क्रूसारखं फिरत राहायचं, नाहीतर दोरीतून लाट सोडावी तशी शेपटातून लाट सोडायची.

सूक्ष्मजीवांनी दोन्ही मार्ग वापरलेत.

पहिलं यंत्र: फिरणारी मोटर

बॅक्टेरियाच्या कशाभिकेचे तीन भाग. बाहेर एक लांब, नागमोडी, पोकळ दोरा. मग एक वाकडा हूक. आणि पेशीच्या भिंतीत बसवलेली मोटर. मोटर म्हणजे उपमा नव्हे, खरीच मोटर: फिरणारा रोटर, त्याच्याभोवती न फिरणारा स्टेटर. पेशीच्या बाहेरून हायड्रोजनचे आयन आत वाहतात आणि त्या प्रवाहावर रोटर फिरतो. कोयनेला पाण्यावर टर्बाइन फिरतं, तसंच काहीसं. समुद्रातले काही बॅक्टेरिया हायड्रोजनऐवजी सोडियमचे आयन वापरतात.

ई. कोलायची मोटर सेकंदाला शंभराच्या वर फेरे सहज घेते. म्हणजे मिनिटाला 6,000. घरचा सीलिंग फॅन फुल स्पीडवर मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास असतो. आणि या मोटरची रुंदी साधारण 45 नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत हजाराहून जास्त बसतील.

हे शेपूट वळवळत नाही, फिरतं, हे कळायला खूप वर्षं लागली. हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी 1973 मध्ये तसं मांडलं. पुढच्याच वर्षी सिल्व्हरमन आणि सायमन यांनी ते दाखवून दिलं, आणि त्यांची युक्ती मला फार आवडते. दोरा इतका बारीक की साध्या मायक्रोस्कोपमध्ये दिसतच नाही. मग त्यांनी दोराच काचेला चिकटवून टाकला. शेपूट पक्कं बांधलं, तर फिरेल कोण? अख्खा बॅक्टेरिया गरगर फिरू लागला. तो तर स्पष्ट दिसतो!

आणखी एक गंमत. आपलं नख मुळाशी वाढतं. हा दोरा टोकाला वाढतो. दोऱ्याच्या पोकळीतून फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे एकामागून एक वर ढकलले जातात आणि टोकाला जाऊन बसतात. पूर्ण दोऱ्याला असे हजारो तुकडे लागतात.

दिशा कशी ठरते? मेळघाटात फोनला रेंज शोधताना आपण जे करतो तेच. चालत राहायचं, काड्या वाढतायत तर त्याच दिशेने चालायचं, कमी झाल्या तर वळून दुसरीकडे. ई. कोलायच्या मोटरी एका दिशेने फिरल्या की सगळे दोरे मिळून एक जुडी होते आणि तो सरळ धावतो, साधारण एक सेकंद. मोटर उलटी फिरली की जुडी सुटते, तो क्षणभर कोलांट्या घेतो आणि नव्या दिशेला लागतो. खाण्याचा पदार्थ वाढत असेल तर कोलांट्या कमी मारायच्या, एवढाच नियम. त्यासाठी त्याला काही सेकंदांपूर्वी किती होतं हे लक्षात ठेवावं लागतं, आणि तो ठेवतो. मेंदू नाही, नकाशा नाही, तरी पोचतो.

दुसरं यंत्र: खरा चाबूक

युग्लीना, क्लॅमिडोमोनास, माणसाचा शुक्राणू आणि बागेतला तो बीजाणू, या सगळ्यांचं शेपूट दुसऱ्या घराण्यातलं. बॅक्टेरियाच्या दोऱ्याच्या साधारण दहापट जाड. आडवं कापून बघितलं तर कडेने नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मधोमध दोन नळ्या. या नळ्या ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या असतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे औषधाच्या दुकानात कामी येईल. शेजारच्या जोड्यांमध्ये डायनीन नावाची प्रथिनं असतात. ती एटीपी खर्च करून एका नळीला दुसरीवरून सरकवतात. बुडाशी नळ्या बांधलेल्या असल्याने सरकता येत नाही, म्हणून शेपूट वाकतं. वाक पुढे सरकत गेला की झाली लाट.

इथे मोटर बुडाशी नाही, शेपटाच्या पूर्ण लांबीवर पसरलेली आहे. आपल्या श्वासनलिकेत कफ वर ढकलणारे बारीक केस आतून जवळपास असेच असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात.

आता बाग

वरुड-मोर्शी पट्ट्याला 'विदर्भाचा कॅलिफोर्निया' म्हणतात ते संत्र्यामुळे. शेंदुरजना घाटची पन्हेरी दूरदूर जाते. पन्हेरी म्हणजे संत्र्याची रोपं, बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं. कलम लावल्यावर खरं उत्पन्न यायला पाच-सहा वर्षं जातात. त्यामुळे दहा वर्षांचं झाड मेलं तर नुसतं एक झाड जात नाही. त्याच्या जागी नवीन लावलं तरी पुढची पाच वर्षं त्या खड्ड्यातून काही मिळत नाही, आणि बँकेचा हप्ता काही पाच वर्षं थांबत नाही.

आमच्याकडे झाड मरण्याची नेहमीची रीत अशी. आधी पानं पिवळी पडतात. शेंड्याकडून सल वाढते, म्हणजे वाळलेल्या काड्या. मग बुंध्याशी सालीतून डिंक ओघळतो. साल खरवडली तर आत तपकिरी, सडलेली. सड खोडाभोवती गोल पसरली की झाड उभ्याउभ्या वाळतं. याला डिंक्या म्हणतात. जमिनीखाली त्याच्या आधीच मूळकूज झालेली असते. कारण एकच: फायटोफ्थोरा. ग्रीकमध्ये या नावाचा अर्थ झाडांचा नाश करणारा. आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचं पीक सडवून मोठा दुष्काळ आणणारा जीव याच कुळातला. आपल्या संत्र्यावर त्याच्या निकोशियाने, पामिव्होरा आणि सिट्रोफ्थोरा या जाती सापडतात.

हा जीव मातीत गप्प पडून असतो. जमीन चिंब झाली की त्याच्या लिंबाच्या आकाराच्या पिशव्या फुटतात आणि प्रत्येकीतून अनेक पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. त्यांना झूस्पोअर म्हणतात. आकार साधारण 10 मायक्रॉन, घेवड्याच्या दाण्यासारखा. अंगावर भिंत नाही, नुसतं पातळ आवरण. आणि दोन कशाभिका. पुढच्या शेपटाला दोन्ही बाजूंनी कडक केस असतात, आणि त्या केसांमुळे धक्का उलटा लागून तो बीजाणू पुढे ओढला जातो. मागचं शेपूट गुळगुळीत, अस्सल चाबूक. ते मुख्यतः वळायला. वेग सेकंदाला शंभर-दीडशे मायक्रॉन, म्हणजे अंगाच्या दहापटीहून जास्त अंतर दर सेकंदाला.

मुळांतून साखर, अमिनो आम्लं असं काय काय पाझरत असतं. झूस्पोअर त्या वासाकडे पोहत जातो. मुळाला टेकला की दोन्ही शेपटं टाकून देतो, अंगाभोवती भिंत बांधतो, तिथेच चिकटतो आणि आत धागा घुसवतो. काम झालं, गाडी सोडून दिली.

स्वतःच्या ताकदीवर तो मातीत फार लांब जात नाही, काही सेंटिमीटर फार तर. लांबचा प्रवास तो लिफ्ट घेऊन करतो, वाहत्या पाण्यातून. मोकाट पाणी सोडलं की एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या आळ्यातून तिसऱ्याच्या. शेतात ओळीने झाडं मरताना दिसतात ती यामुळे.

आमचे मोठे बाबा एवढंच म्हणायचे, "बुडाले पानी लागू देऊ नोको, झाड सडते." काऊन, असं विचारलं की म्हणायचे, "सडते म्हंजे सडते." त्यांचं अगदी बरोबर होतं. 'काऊन'चं उत्तर त्या दोन शेपटांत आहे. पोहणाऱ्या शत्रूला पाण्याची सलग फिल्म मिळाली नाही तर त्याची शेपटं काही कामाची नाहीत.

म्हणून कृषी विद्यापीठाच्या शिफारशी बघा, बऱ्याचशा शेपटं निकामी करण्याच्याच आहेत. दुहेरी आळं: खोडाभोवती आतलं एक आळं कोरडं, पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात. ठिबक असेल तर ड्रिपर खोडापासून लांब. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, म्हणून ओळींमध्ये उताराच्या दिशेने चर. कलम लावताना डोळा बांधलेला जोड जमिनीच्या चांगला वर, कारण जोडाच्या वरचा संत्र्याचा भाग लवकर सडतो. खुंट जंबेरीपेक्षा रंगपूर लाइमचा, कारण तो मूळकुजीला जास्त टिकतो. आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर खोडाला मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो मलम: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. भिंत नसलेल्या पोहणाऱ्या बीजाणूला तांब्याचे आयन सहन होत नाहीत.

बोर्डोची गोष्टही याच घराण्यातली. 1880 च्या दशकात फ्रान्समध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञाने हे मिश्रण द्राक्षावरच्या केवड्यासाठी पुढे आणलं. नाशिकचे द्राक्षवाले ज्याला डाऊनी म्हणतात तोच हा रोग. त्याचेही बीजाणू दोन शेपटांनीच पोहतात.

कार्बेन्डाझिम मारून उपयोग का होत नाही?

हा भाग बागवाल्या घरातल्या पोरांनी नीट वाचा, कारण दुकानात उभे राहून व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवणारे आपणच असतो.

डिंक्या दिसला की कृषी सेवा केंद्रात 'बुरशी आहे' असं सांगितलं जातं आणि पुष्कळदा हातात कार्बेन्डाझिमची पुडी येते. आमच्याकडेही एका दुकानातून आली होती. अडचण अशी की फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नाहीच. धाग्यासारखा वाढतो म्हणून बुरशीसारखा दिसतो, पण नात्याने तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळांना जवळचा आहे. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं, खऱ्या बुरशीत कायटिन.

कार्बेन्डाझिम बुरशीच्या ट्युब्युलिनला चिकटून तिच्या पेशींची वाढ थांबवतं. फायटोफ्थोराकडेही ट्युब्युलिन आहे, त्याच्या चाबकातल्या नळ्या त्याच्याच तर आहेत. पण त्याची घडण थोडी वेगळी, त्यामुळे औषध तिथे चिकटत नाही. पैसे गेले, दिवस गेले, झाड सडत राहिलं. या रोगासाठी वेगळ्या गटाची औषधं असतात, मेटालॅक्झिल किंवा फोसेटिल अॅल्युमिनियम अशी. कोणतं, किती आणि कधी हे लेबल आणि कृषी विद्यापीठाचा सल्ला बघूनच ठरवा. माझ्या लेखावरून ड्रेंचिंग करू नका.

सगळीच शेपटं वाईट नाहीत

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या बियाण्याला पेरणीआधी रायझोबियम चोळायला सांगतात. तो बॅक्टेरियाही मोटरवाला. कोवळ्या मुळातून झिरपणाऱ्या रसायनांच्या मागावर पोहत जातो आणि गाठीत शिरून हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल असा करून देतो. सोयाबीनच्या ब्रेडिरायझोबियमकडे तर दोन प्रकारच्या कशाभिका असतात, जाड वेगळ्या आणि बारीक वेगळ्या. गाठीत स्थिरावल्यावर पोहण्याचं काम संपतं.

टायफॉइडची विडाल टेस्ट तुमच्या घरात कोणाची ना कोणाची झालीच असेल. रिपोर्टवर 'ओ' आणि 'एच' असे दोन प्रकारचे आकडे असतात. त्यातला 'एच' म्हणजे टायफॉइडच्या जंतूच्या कशाभिकेविरुद्ध आपल्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचा आकडा. जुना आजार किंवा लस यांमुळेही तो बराच काळ वर राहू शकतो, म्हणून नुसता 'एच' बघून घाबरायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं.

आणि लोणार. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं, तो फोटो तुमच्याही स्टेटसवर असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासात त्याचं कारण हॅलोआर्किया निघालं, खाऱ्या पाण्यात वाढणारे जीव. हे बॅक्टेरिया नव्हेत. यांच्या गटात पुष्कळांना शेपूट असतं, ते फिरतं, पण चालतं एटीपीवर. म्हणजे तिसरंच यंत्र. 2012 पासून शास्त्रज्ञ त्याला आर्केलम असं वेगळं नाव वापरू लागलेत. दुसरंही नाव बदलायला हवं होतं खरं तर.

फोनवर बघायचंय?

आधी खरं ते सांगतो: बॅक्टेरियाचा दोरा फोनवर दिसणार नाही. तो 20 नॅनोमीटर जाड, आणि उजेडाच्या मायक्रोस्कोपची मर्यादा 200 नॅनोमीटरच्या आसपास. इन्स्टावर 'घरी बघा बॅक्टेरियाची शेपटी' असं कोणी दाखवत असेल तर पुढे सरका.

मोठ्यांची हालचाल मात्र मस्त दिसते. स्टॅनफर्डच्या मनु प्रकाश यांच्या टीमने बनवलेला फोल्डस्कोप हा कागदाचा मायक्रोस्कोप फोनच्या कॅमेऱ्याला चुंबकाने लागतो आणि साधारण 140 पट मोठं दाखवतो. ढोरांच्या टाक्यातलं हिरवट पाणी घ्या, एक थेंब स्लाइडवर, वर कव्हर स्लिप. हिरवे युग्लीना लांबट होत, आखडत पळताना दिसतील. शेपूट बघायचं तर कॉलेजचा 400 पटीचा मायक्रोस्कोप लागतो. आयपीसवर फोन धरा, खालचा डायफ्रॅम थोडा बंद करा, उजेड कमी झाला की कडा उठून दिसतात. व्हिडिओ स्लो मोशनमध्ये घ्या. क्लॅमिडोमोनास सेकंदाला 50 च्या आसपास फटके मारतो, साध्या 30 फ्रेमच्या व्हिडिओत ते नुसतं धूसर दिसतं. 240 फ्रेमवर एका फटक्याच्या चार-पाच फ्रेम मिळतात.

बागेतले झूस्पोअरही बघता येतात. झाडाखालची माती पाण्यात बुडवून वर संत्र्याच्या कोवळ्या पानाचे तुकडे तरंगत ठेवायचे. दोन-तीन दिवसांनी पानाच्या कडेला लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसू शकतात. ते पान थोड्या पाण्यासकट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बाहेर काढलं की पिशव्या फुटतात. प्रयोगशाळेतही हीच युक्ती वापरतात. फ्रिजमध्ये आईच्या भाजीपासून लांब ठेवा आणि ते पाणी नंतर बागेत ओतू नका, उकळून फेका.

हे बघायला छान आहे, पण निदान म्हणून धरू नका. पायथियम नावाचा भाऊबंद बराचसा असाच दिसतो. खात्री करायची तर नमुना अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत न्या. नमुना पूर्ण मेलेल्या झाडाखालचा नको, नुकतं पिवळं पडू लागलेल्या झाडाच्या घेराखालचा घ्या, बारीक तंतुमुळांसकट. माती वाळू देऊ नका, ओलसरच पिशवीत बांधा, आणि गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका. पिशवीवर झाडाची ओळ आणि नंबर लिहा.